थ्रीव्हचा मनोरा आणि त्याच्या बाहेरची जमीन

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो, स्कॉटलंडमधील 'टॉवर हाऊस' म्हणजे सरदाराने राहण्यासाठी बांधलेला जाड भिंतींचा उंच मनोरा. आपल्या गढीचा, आडवा न पसरता उभा वाढलेला भाऊबंद म्हणा. त्याची छायाचित्रे जो तो एकाच पद्धतीने काढतो: धुके, पाणी आणि मधोमध एकटा मनोरा. या एकटेपणाविषयी माझी जुनी तक्रार आहे आणि ती ऐकायला आज आपण आयते सापडला आहात.

माझे उदाहरण गॅलोवे प्रांतातील थ्रीव्हचे. डी नदीतल्या बेटावर डग्लस घराण्यातील आर्चिबाल्ड 'द ग्रिम' याने १३६९ नंतर हा पाच मजली मनोरा उभारला. आजही काठावरची घंटा वाजवली की नावाडी होडी घेऊन येतो. मी गेलो त्या दिवशी होडीतल्या एका गृहस्थांनी मॉन्स मेग या अजस्र तोफेची कथा सुरू केली. १४५५ मध्ये राजा दुसरा जेम्स याने थ्रीव्हला वेढा घातला, तेव्हा म्हणे जवळच्या एका लोहाराने आपल्या मुलांच्या मदतीने ही तोफ घडवली आणि तिचा गोळा मनोऱ्यात शिरून मद्याचा पेला उचलणाऱ्या सरदारपत्नीचा हात घेऊन गेला. गृहस्थांनी पेला कसा धरला होता तेही करून दाखवले, तेव्हा होडी चांगलीच डुलली. अडचण एवढीच की ही तोफ १४४९ मध्ये समुद्रापलीकडे बर्गंडीच्या ड्यूकसाठी तयार झाली आणि स्कॉटलंडच्या राजाकडे आली १४५७ मध्ये, म्हणजे वेढा उठून दोन वर्षे झाल्यावर. थ्रीव्ह पडला तो आतल्या शिबंदीला पैसे चारून. फितुरी कशी असते हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना मी काय सांगावे? (जेम्सला मात्र तोफांचा नाद भोवला, १४६० मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःचीच तोफ शेजारी फुटून तो मेला.)

अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवले आहे, तेव्हा ज्यासाठी बोलावले ते थ्रीव्हच्या उत्खननाचे निष्कर्ष आता धावत सांगतो. १९७४ ते १९७८ या काळात येथे उत्खनन झाले ते मुख्यतः मनोऱ्याच्या बाहेर. तेथे मातीखाली मोठ्या दगडी इमारतींचे पाये निघाले. मोठे दिवाणखाने, वस्तीच्या खोल्या असाव्यात अशा. बेटाच्या काठावरील जुन्या धक्क्याच्या चिखलात हवा न पोचल्यामुळे लाकडी ताटवाट्या आणि चामड्याच्या वस्तू टिकल्या होत्या, आणि एका लाकडी भांड्यावर डग्लसांचे हृदयचिन्ह होते. म्हणजे मनोरा हा एका गजबजलेल्या वाड्याचा केवळ उंच भाग होता. ज्यांची उष्टी भांडी पाण्यात पडली, ती माणसे त्याच्या पायथ्याशी वावरत होती.

दुसरा निष्कर्ष कालक्रमाचा. मनोऱ्याभोवतालची, तोफांसाठी झरोके ठेवलेली आणि कोपऱ्यांवर गोल बुरूज असलेली भिंत १५१३ नंतरची मानली जात असे. उत्खननाने ती १४५०च्या सुमाराची ठरवली. तिच्यासाठी भोवतालच्या इमारती पाडल्या गेल्या. तेव्हा छायाचित्रातला तो एकटेपणा निसर्गाने दिलेला नाही, तोफेच्या धास्तीने डग्लसांनी स्वतःच ओढवून घेतलेला आहे. इमारतींच्या पायांचे नकाशे दाखवायचे राहिले; ते बाहेर चहाच्या टेबलावर ठेवतो.