वेर्नात्साचे गडगे

मित्रहो, इटलीत जिनोआकडून ला स्पेत्सियाकडे जाणारी रेल्वे बराच वेळ बोगद्यांतूनच धावते. दोन बोगद्यांच्या मधे जरा उजेड दिसतो, तेवढ्यात एखादं स्टेशन येऊन जातं. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही तिथली पाच गावं. त्या टापूला चिंक्वे तेर्रे म्हणतात. त्यातल्या वेर्नात्साबद्दल आज बोलायचं आहे. वस्ती हजाराच्या आतली, पण लिखित इतिहास १०८० पासूनचा.

या पाचांत नैसर्गिक बंदर लाभलेलं गाव हे एकच. खडकाचा एक सुळका समुद्रात घुसला आहे, त्याच्या आडोशाला गलबतं सुरक्षित राहायची. बंदर म्हटलं की व्यापार आला, आणि त्यामागोमाग चाचेही आले. तेराव्या शतकात गाव जिनोआच्या प्रजासत्ताकाच्या अंमलाखाली गेलं. त्या काळात जिनोआचं पिसाशी हाडवैर होतं. १२८४ मध्ये मेलोरियाच्या लढाईत जिनोआनं पिसाचं आरमार मोडलं, आणि या किनाऱ्यावरची बंदरं कोणाची हा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात निघाला. सुळक्यावर जो गोल बुरूज दिसतो, तो दोरियांचा किल्ला म्हणून ओळखला जातो. दोरिया हे जिनोआचं बडं घराणं. बुरुजाचं काम एकच, समुद्रावर नजर ठेवायची.

खाली चौकाला लागूनच सांता मार्गेरिताचं चर्च आहे. १३१८ च्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडतो. अष्टकोनी घंटाघर सुमारे ४० मीटर उंच आहे, गावात कुठेही उभे राहा, ते दिसतंच. या चर्चमध्ये शिरताना लोक थोडे गोंधळतात, कारण चौकातून गेलं की आपण वेदीच्या बाजूनं आत येतो. वेदी पूर्वेला हवी हा जुना दंडक, आणि इथे पूर्वेला गाव, पश्चिमेला थेट समुद्र. जागाच तेवढी होती. पाठीमागच्या खडकावर लाटा आपटत असतात, त्यांचा आवाज आत ऐकू येतो. मला हे चर्च किल्ल्यापेक्षा जास्त आवडतं.

पण किल्ला आणि चर्च बघून माणसं परत फिरतात, याचं मला वाईट वाटतं. या गावाची सगळ्यात मोठी वास्तू त्यांच्या डोक्यावर असते. मान वर करून बघा, अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेला आहे. प्रत्येक पायरी एका गडग्यानं तोलून धरली आहे. आपल्या कोकणात चुन्या-सिमेंटाशिवाय नुसता दगडावर दगड रचून गडगा घालतात, तोच प्रकार. फक्त दगड जांभा नव्हे, वालुकाश्म. फटींतून पाणी झिरपतं, म्हणून मातीचा दाब भिंतीवर साचत नाही. गेली सुमारे हजार वर्षं पिढ्यान्‌पिढ्या हे काम चाललं. कोणाही सरदाराचं नाव त्यावर नाही. वीतभर रुंद जमीन मिळवायची, तिच्यात द्राक्षवेल लावायची, आणि द्राक्षं पाठीवरून खाली आणायची. आजही काही उतारांवर माल वाहायला एका रुळावर चालणारी छोटी गाडीच लागते. दुसरं वाहन तिथे पोचतच नाही. बोस्को, आल्बारोला आणि वेर्मेंतिनो या जातींची द्राक्षं सावलीत सुकवून त्यांची शाक्केत्रा नावाची गोड, सोनेरी वाइन करतात. द्राक्षं सुकून आक्रसतात, रस फार थोडा निघतो, म्हणून ती महाग पडते आणि घरी सणासमारंभाला निघते.

आज यातले कितीतरी गडगे ढासळले आहेत. मग हे मोडलं कसं? एकोणिसाव्या शतकात ला स्पेत्सियाला नौदलाची मोठी गोदी उभी राहिली, आणि १८७४ मध्ये रेल्वे सुरू झाली. गोदीत महिन्याचा पगार मिळू लागला, तिथे गडगे कोण सांभाळत बसणार? त्या माणसांना मी दोष देणार नाही, कष्ट अमानुष होते. पुढे पर्यटन आलं आणि खाली खोल्या भाड्यानं देणं हे वर वेली छाटण्यापेक्षा परवडू लागलं. १९९७ मध्ये युनेस्कोनं हा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तोवर कितीतरी उतारांवर झुडपं माजली होती.

गडग्याचा एक दगड निसटला आणि तो वेळीच बसवला नाही, की तिथे पोट फुगतं, मग भिंत बसते, मग वरची माती मोकळी होते. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. गावाचा मुख्य रस्ता म्हणजे खरं तर झाकलेला ओढा आहे. डोंगरावरून दरडी सुटल्या, ओढ्याचं तोंड बुजलं, आणि चिखल, दगड, मोटारी सगळं त्या रस्त्यावरून बंदराकडे निघालं. काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत चिखल चढला. गावातली तीन माणसं गेली. इतका पाऊस कुठल्याही डोंगराला जडच गेला असता, हे खरंच. पण नंतरच्या पाहणीत दिसलं, की अलीकडे सोडून दिलेले उतार दरडींना अधिक बळी पडले होते. किल्ल्याच्या बुरुजानं गावाला चाच्यांपासून वाचवलं असेल. पावसापासून वाचवण्याचं काम गडग्यांचं होतं.

गाव काही महिन्यांत पुन्हा उभं राहिलं, लोकांनी फावड्यांनी चौक मोकळा केला. २०१८ मध्ये कोरड्या दगडी बांधकामाची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीसह युरोपातल्या आठ देशांच्या नावे. यादीत नाव लागलं म्हणून दगड आपोआप चढत नाहीत. त्याला हात लागतात आणि रोजची मजुरी लागते.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असाल, तर माझी विनंती आहे. बंदरावर फोटो काढून पुढची गाडी पकडू नका. गावामागून रेज्जोच्या मेरीमातेच्या देवळाकडे जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, चढते, तिनं वर जा. वाटेत चांगले राखलेले गडगे आणि ढासळलेले गडगे शेजारी शेजारी दिसतील. भिंतीवर चढू नका, दगड हलवू नका. आणि खाली उतरल्यावर वाइन घ्यायचीच असेल, तर याच उतारांवर वेली राखणाऱ्या शेतकऱ्याची घ्या. महाग वाटली तरी घ्या, त्या पैशातूनच पुढच्या हिवाळ्यात एखादी भिंत पुन्हा रचली जाते.