भिंतीबाहेरचा तास

(दृश्य : शाळेच्या कुंपणालगतचा गवताळ तुकडा. चार काड्या, सुतळी, पालथी पडलेली मुलं.)

एक मीटर लांब, एक मीटर रुंद. चार कोपऱ्यांना काड्या रोवल्या आणि भोवती सुतळी ताणली, एवढीच तयारी. या चौकटीत जे जे जिवंत दिसेल, ते मुलांनी वहीत उतरवायचं आहे.

पहिल्या दोन मिनिटांत उत्तर येतं, "बाई, नुसतं गवत आहे!" इथे बाईंनी घाई करायची नाही. मुलं अजून थोडा वेळ बघत राहिली, की कुणाच्या तरी लक्षात येतं, गवत एका जातीचं नाहीच. एकाचं पातं रुंद आहे, दुसऱ्याची कड बोटाला खरखरीत लागते. वाळकं पान उलटलं, तर खाली गांडुळाने वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या. मुंग्यांची रांग चौकटीत एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मग प्रश्न सुरू होतात. या मुंग्या नेमक्या याच वाटेने का चालल्या आहेत? बोटाने वाट पुसली तर चुकतील का? मुंग्या वासाचा माग ठेवत चालतात, हे वाक्य पाठ करायला वेळ लागत नाही. पण पुसलेल्या जागी घुटमळणाऱ्या, परत फिरणाऱ्या मुंग्या ज्याने पाहिल्या, त्याला ते पाठ करावंच लागत नाही.

(दृश्य : फळ्यावर नव्हे, जमिनीवर काडीने केलेली आकडेमोड.)

इथूनच गणितात शिरता येतं. मैदानात एका जातीची रोपं एकूण किती असतील? सगळी मोजणं अशक्य. मग वेगवेगळ्या ठिकाणी दहा चौकटी आखायच्या. समजा, दहा चौकटींत मिळून ७० रोपं निघाली. म्हणजे चौकटीमागे सरासरी ७. मैदान ६०० चौरस मीटर असेल, तर अंदाजे ४,२०० रोपं. मुलं बहुधा जिथे दाट हिरवळ दिसते, तिथेच चौकट आखायला धावतात. तेव्हा विचारायचं, "अशाने आकडा खरा येईल का?" त्यावर मुलांमध्ये जो वाद होतो, तो पूर्ण होऊ द्यावा. नमुना कसा निवडायचा, हा संख्याशास्त्राचा गाभा त्या वादातूनच हाती लागतो.

झाडाची उंचीही अशीच. एक मीटरची काठी उभी धरली, तिची सावली ८० सेंटीमीटर पडली. त्याच वेळी झाडाची सावली ९.६ मीटर. मग झाड १२ मीटर उंच. समरूप त्रिकोण वहीत येण्याआधी जमिनीवर दिसला. तासाभराने पुन्हा मोजलं, तर दोन्ही सावल्या बदललेल्या, उत्तर मात्र जवळपास तेच. असं का, हे मुलांनाच शोधू द्या.

(दृश्य : झाडांच्या सावलीत भरलेला वर्ग.)

ही कल्पना आजची नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा सुरू केली, ती झाडांखाली. १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग इथे अशक्त, आजारी मुलांसाठी जंगलात शाळा उभी राहिली. क्षयाच्या त्या काळात मोकळी हवा हेच औषध मानलं जाई. डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या कित्येक शाळा आज आठवड्यातला किंवा पंधरवड्यातला ठरलेला वेळ बाहेर घालवतात. त्यांचं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बाहेर जाणं त्यांच्या वेळापत्रकातच बसवलेलं आहे.

आपल्याकडे गल्लत होते ती नेमकी इथेच. वर्षातून एकदा सहल काढली, की निसर्गशिक्षण झालं असं समजायचं. सहल हवीच, तिचा आनंद मोठा आहे. पण अनोळखी जागी मुलांचं लक्ष जागेच्या नवलाईतच गुंतून राहतं. शिकणं सुरू होतं ते त्याच जागी पाचव्यांदा, दहाव्यांदा गेल्यावर. मागच्या खेपेला काय होतं हे आठवत असेल, तरच आज काय बदललं ते दिसतं. म्हणून दूरच्या अभयारण्यापेक्षा शाळेमागचं एक झाड मला जास्त मोलाचं वाटतं.

डोळ्यांचा मुद्दाही सांगायलाच हवा. चीनमधल्या ग्वांगझो शहरात १२ प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर घेतला. तीन वर्षांनी त्या मुलांमध्ये नव्याने लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) आलेल्यांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरचा उजेड वर्गातल्या उजेडापेक्षा कित्येक पटींनी प्रखर असतो, आणि त्याचा डोळ्याच्या वाढीशी संबंध असावा, असं संशोधक मानतात.

(दृश्य : शिक्षिका एकट्याच जागेची पाहणी करताना.)

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. मुलं पांगतात, आवाज पोचत नाही, काही लागलं-खुपलं तर जबाबदारी कुणाची? त्यासाठी आदल्या दिवशी जागा स्वतः फिरून बघावी : काचा, खड्डे, मधमाश्यांचं पोळं. कुठवर जायचं ती हद्द मुलांना आधी चालून दाखवावी. एका शिट्टीला सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, याचा सराव पहिल्या तासालाच घ्यावा. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलालाही पोचता येईल, अशीच जागा निवडावी. आणि एका तासाला एकच प्रश्न पुरे.

(दृश्य : झाडाच्या बुंध्याशी उघडलेली, वेगवेगळ्या हस्ताक्षरांची वही.)

इंग्लंडमधल्या नॉरफोकात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली : पहिलं फूल, पहिली पालवी, पक्ष्याची पहिली साद. त्यांच्या घराण्याने या नोंदी १९५८ पर्यंत चालवल्या. हवामान कसं बदलतंय, हे तपासायला अभ्यासकांना आज अशाच नोंदी लागतात. भारतातल्या सीझनवॉच उपक्रमात शाळकरी मुलं हेच करतात : एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं नोंदवतात.

कुठल्याही शाळेला हे आजपासून जमेल. एक झाड, एक वही, आठवड्यातली दहा मिनिटं. तारीख आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. काहीच बदललं नसेल, तर तेही लिहायचं. वर्ष संपलं, की वही कपाटात न ठेवता खालच्या वर्गाच्या हाती द्यायची.