वीस दिवसांचा घोटा

(दृश्य: स्टेडियमचं वरून केलेलं चित्रण. गर्दीचा आवाज हळूहळू वाढत जातो.)

9 नोव्हेंबर 2019. शनिवारची दुपार. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं टस्कलूसा. विद्यापीठाच्या जिवावर उभं असलेलं हे गाव, आणि त्याच्या मधोमध ब्रायंट-डेनी स्टेडियम. आज तिथे 1 लाख 1 हजार 821 प्रेक्षक आहेत. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्पसुद्धा आलेत. सामना विद्यार्थ्यांचा आहे. अलाबामा विद्यापीठ विरुद्ध लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू. मोसमात दोघांनीही आठ सामने खेळलेत आणि आठही जिंकलेत.

गेले तीन आठवडे अलाबामात ज्याला त्याला एकच विचारायचं होतं. तुआ खेळणार का?

तुआ तांगोवायलोआ. वय 21. हवाईत जन्मलेला, सामोअन कुटुंबातला, डावखुरा. अलाबामाचा क्वार्टरबॅक. वीस दिवसांपूर्वी त्याच्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालं होतं.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. यात प्रत्येक चाल क्वार्टरबॅकपासून सुरू होते. चेंडू त्याच्या हातात येतो, तो दोन-चार पावलं मागे सरकतो, समोरचा बचाव कुठे उघडा पडलाय ते हेरतो आणि फेकतो. एवढं सगळं साधारण तीन सेकंदांत. त्याच तीन सेकंदांत सव्वाशे-दीडशे किलोंचे चार-पाच गडी त्याला आडवा करायला धावून येत असतात. लांबून पाहिलं की हा खांद्याचा आणि मनगटाचा खेळ वाटतो. खरं तर फेक जमिनीतून येते. डावखुरा क्वार्टरबॅक डाव्या पायाने जोर लावतो आणि अंगाचा सगळा भार पुढे टाकलेल्या उजव्या पायावर घेतो. म्हणजे तुआच्या प्रत्येक फेकीचा शेवट त्याच घोट्यावर होणार होता.

(दृश्य: नडगीच्या दोन हाडांचं रेखाचित्र.)

झालं असं की 19 ऑक्टोबरला टेनेसी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्यात), तुआ खाली पडला आणि त्याचा घोटा दुखावला. नेहमीसारखा पाय मुरगळणं वेगळं. नडगीत दोन हाडं असतात, एक जाड, एक बारीक. घोट्याच्या जरा वर ती लिगामेंटने एकमेकांना बांधलेली असतात. पाऊल जमिनीत रुतून बाहेरच्या बाजूला पिळलं गेलं की हे बंध ताणले जातात, कधी तुटतात, आणि दोन हाडं एकमेकांपासून फाकू लागतात. डॉक्टर याला हाय अँकल स्प्रेन म्हणतात. चालताना दुखतंच, पण खरा त्रास होतो तो वळताना आणि जोर लावून पाऊल रोवताना. विश्रांतीवर सोडलं तर सहा आठवडे सहज जातात, कधी त्याहूनही जास्त.

अलाबामाकडे सहा आठवडे नव्हते. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. या ऑपरेशनला टाइटरोप म्हणतात. दोन्ही हाडांतून आरपार एक बारीक भोक पाडायचं, त्यातून अतिशय चिवट धागा ओवायचा, दोन्ही टोकांना धातूची छोटी बटणं लावायची आणि धागा ओढून हाडं पुन्हा जवळ आणायची. पूर्वी यासाठी स्क्रू घालत. स्क्रूने हाडं जखडली जातात, धाग्याने ती धरून राहतात पण किंचित हलतात, त्यामुळे पायावर भार लवकर टाकता येतो. हे तंत्र खरोखर चांगलं आहे आणि त्याने असंख्य खेळाडूंची कारकीर्द सावरली आहे. पण धागा हाडं जवळ धरून ठेवतो, एवढंच. लिगामेंट आपल्या गतीनेच भरून येतं, आणि त्याला सामन्यांचं वेळापत्रक माहीत नसतं.

तुआसाठी हे नवीन नव्हतं. वर्षभरापूर्वी हेच ऑपरेशन त्याच्या डाव्या घोट्यावर झालं होतं. 1 डिसेंबर 2018, अटलांटा, जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी गटाचा, अंतिम सामना. त्याच्याच संघाचा एक लाइनमन, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा गडी, रेट्याने मागे आला आणि त्याचा पाय तुआच्या घोट्यावर पडला. तुआच्या जागी जेलन हर्ट्स आला आणि अलाबामाने सामना 35-28 असा जिंकला. त्यानंतर चारच आठवड्यांनी, 29 डिसेंबरला, ऑरेंज बोलमध्ये तुआ ओक्लाहोमाविरुद्ध उतरला. 27 पासपैकी 24 अचूक, पासांनी कमावलेलं अंतर 318 यार्ड, चार टचडाउन (टचडाउन म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण). अलाबामा 45-34 ने विजयी.

त्या रात्रीचं कौतुक कोणीही करेल, आणि करावंच. पण तिने एक पायंडा पाडला. चार आठवड्यांत परतता येतं, आणि परतून असं खेळताही येतं, हे सगळ्यांनी पाहिलं. मग पुढच्या वेळी तीन आठवड्यांची गोष्ट निघाली तेव्हा ती कोणालाच अचाट वाटली नाही.

(दृश्य: 9 नोव्हेंबरच्या सामन्याची छायाचित्रं.)

सामना सुरू झाला. अलाबामाची पहिलीच मालिका, म्हणजे एकामागोमाग खेळलेल्या चाली, झपाट्याने पुढे गेली. एलएसयूची गोलरेषा अगदी हाताशी आली होती. तुआला मोकळी जागा दिसली आणि तो चेंडू घेऊन स्वतः धावला. आसपास कोणी नाही, कोणाचा धक्का नाही, आणि चेंडू हातातून निसटला. एलएसयूने तो उचलला आणि थोड्याच वेळात पहिला टचडाउन केला. दुखऱ्या पायाने धावणारा माणूस अंग चोरून धावतो, तोल सांभाळण्यात त्याचं अर्धं लक्ष जातं. ती चूक घोट्यामुळेच झाली असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तो लंगडत होता, हे त्या दिवशी टीव्हीवर बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.

मध्यंतराच्या तोंडावर आणखी एक घाव बसला. तुआचा पास एलएसयूच्या पॅट्रिक क्वीनने मधल्यामध्ये पकडला आणि काही सेकंदांतच एलएसयूने त्याचा टचडाउन केला. मध्यंतराला धावफलक होता एलएसयू 33, अलाबामा 13. समोरचा क्वार्टरबॅक जो बरो आयुष्यातला सर्वोत्तम मोसम खेळत होता. त्या दिवशी त्याने 39 पैकी 31 पास अचूक दिले, 393 यार्ड कमावले.

आणि तरीही तुआ थांबला नाही. दुसऱ्या अर्धात त्याने संघाला ओढत आणलं. दर वेळी पाऊल मागे, नजर वर, फेक, आणि मग ते दोन लंगडे टप्पे. शेवटची दीड मिनिटं उरली असताना त्याने डेव्होंटा स्मिथला 85 यार्डांचा टचडाउन पास दिला. एलएसयू 46, अलाबामा 41. पण तिथून पुढे चेंडू पुन्हा अलाबामाच्या हाती आलाच नाही. घरच्या मैदानावर सलग 31 विजयांची त्यांची मालिका तुटली. तुआच्या नावावर 418 यार्ड आणि चार टचडाउन. एका सामन्यात 400 यार्ड फेकणं धडधाकट क्वार्टरबॅकलाही सहज जमत नाही.

एलएसयू तो मोसम एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाली. बरोला त्याच्या साथीदारांनी टस्कलूसाच्या मैदानातून खांद्यावर उचलून नेलं.

गोष्ट इथेच संपली असती तर ती शौर्याची म्हणून सांगितली गेली असती. पण पुढच्या शनिवारी अलाबामाचा सामना होता, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, स्टार्कव्हिलमध्ये.

तो मोठा सामना नव्हता. अलाबामा जिंकणार हे बहुतेकांनी धरूनच चाललं होतं. आठवडाभर तुआचा सराव बेताचाच झाला होता. खेळणार की नाही, हे शेवटपर्यंत नक्की नव्हतं. अखेर तो उतरला आणि सुरेख खेळला. 18 पैकी 14 पास, 256 यार्ड. दुसऱ्या क्वार्टरची तीनेक मिनिटं उरली होती आणि अलाबामा 35-7 ने पुढे होता.

त्या क्षणी त्याला बाहेर काढता आलं असतं. प्रशिक्षक निक सेबन यांच्या मनात तसं होतंही, त्यांनी ते नंतर स्वतः सांगितलं. राखीव क्वार्टरबॅक कडेला तयारीत होता. पण मध्यंतरापूर्वीच्या शेवटच्या मिनिटांत घाईची चाल कशी खेळायची याचा तुआला सराव मिळावा, म्हणून अजून एक मालिका त्याच्याकडेच ठेवली.

त्या मालिकेत तो डावीकडे सरकत पळाला. मागून दोन बचावपटूंनी त्याला धरून खाली पाडलं. गुडघा जमिनीवर आपटला आणि वरून त्या दोघांचा भार आला. उजव्या खुब्याचा सांधा मागच्या बाजूने निखळला आणि खुब्याच्या खोबणीची मागची कड मोडली. नाकातून रक्त. हेल्मेट उतरवलेलं. मैदानातून नेताना तो वेदनेने ओरडत होता.

मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार नाजूक असतात. खुबा निखळला की त्या दबतात, आणि तो पुन्हा जागी बसायला जितका उशीर होईल तितका हाड मरण्याचा धोका वाढतो. जानेवारी 1991 मध्ये बो जॅक्सन या अफाट खेळाडूची फुटबॉलची कारकीर्द याच दुखापतीने संपली आणि पुढे त्याला कृत्रिम खुबा बसवावा लागला. तुआच्या बाबतीत डॉक्टरांनी सांधा स्टेडियममध्येच, लगेच जागी बसवला. त्या डॉक्टरांचं नाव क्वचित घेतलं जातं, पण या मुलाचा पाय वाचला तो त्या काही मिनिटांमुळे. मग हेलिकॉप्टरने बर्मिंगहॅम, आणि सोमवारी ह्यूस्टनमध्ये ऑपरेशन.

घोटा दुखरा नसता तर खुबा वाचला असता का? असा दावा आम्ही करणार नाही. अशी पकड ठणठणीत खेळाडूवरही पडू शकते. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या मुलाच्या पायातला धागा चार आठवड्यांचाही झाला नव्हता, तो 28 गुणांची आघाडी असताना मैदानावर का होता? खेळाडूला विचारलं, तो हो म्हणाला, हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. एकविसाव्या वर्षी, एक लाख माणसं आपल्या नावाने ओरडत असताना, कुठला खेळाडू नाही म्हणेल? धाकटा भाऊ त्याच संघात. या खेळासाठी अख्खं कुटुंब हवाई सोडून अलाबामात येऊन राहिलेलं. तो हो म्हणणार, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आणि त्या वेळी हा सगळा खेळ बिनपगारी होता. सेबन यांचं त्या वर्षाचं मानधन 80 लाख डॉलरहून अधिक होतं. तुआला शिष्यवृत्ती मिळत होती. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमवायची मुभा विद्यार्थी खेळाडूंना जुलै 2021 पासून मिळाली. विद्यापीठांनी त्यांना थेट पैसे देणं सुरू झालं ते 2025 मध्ये. तुआच्या हाती तेव्हा होती ती फक्त एनएफएलची आशा, म्हणजे व्यावसायिक लीगची, आणि तीच त्याने दर शनिवारी पणाला लावली.

ती आशा फळाला आली. एप्रिल 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, मायामी डॉल्फिन्सने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, खुबा निखळल्याला जेमतेम अकरा महिने झाले असतानाच, तो एनएफएलच्या मैदानावर उतरलाही.

अलाबामाचा 2019 चा मोसम मात्र सावरला नाही. 30 नोव्हेंबरला ऑबर्नविरुद्ध ते 48-45 असे हरले. राष्ट्रीय विजेता ठरवणारी चार संघांची प्लेऑफ स्पर्धा 2014 मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच अलाबामा तिच्याबाहेर राहिला. ज्या अखेरच्या टप्प्यासाठी तुआला जपून, ऑपरेशन करून, घाईने परत आणलं होतं, त्या टप्प्यावर तो कुबड्यांवर होता.

(दृश्य: 2020 च्या मोसमाची छायाचित्रं.)

पुढच्या वर्षी अलाबामाने तेराच्या तेरा सामने जिंकले आणि 11 जानेवारी 2021 ला ओहायो स्टेटचा 52-24 असा धुव्वा उडवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा क्वार्टरबॅक होता मॅक जोन्स. स्टार्कव्हिलमध्ये 35-7 ची आघाडी असताना कडेला तयारीत असलेला राखीव खेळाडू तोच होता.