दिवाळीची सुट्टी आणि माळावरची काळविटं

(दृश्य: कापणी झालेलं सोयाबीनचं रान, पलीकडं गवताचा माळ, लांब डोंगरावर पवनचक्क्या)

स्क्रीनच्या डाव्या बाजूला जरा नीट बघा. त्या बाभळीच्या अलीकडं मातीच्या रंगाचं जे दिसायलंय ना ते दगड नाहीत, त्या काळविटाच्या माद्या आहेत, आणि त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून एकटाच उभाय तो नर. वरून काळाकुट्ट, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि पीळ दिलेली दोन शिंगं. माद्यांना शिंगं नसतात. आणि ही शिंगं चितळासारखी दरवर्षी गळून पडत नाहीत, जन्मभर तीच राहतात.

हे बीड जिल्ह्यातलं पाटोदा-आष्टीकडचं रान आहे, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं. दिवाळीला मामाच्या गावी आलेली लेकरं, कोण पुण्याहून कोण संभाजीनगरहून, त्यांना उजाडायच्या आत उठवून जीपमध्ये घालून इथं आणलंय. ह्या लेकरांना ताडोबा माहितीय, टीव्हीवरची आफ्रिका माहितीय, पण मामाच्या शेताच्या बांधापलीकडं काय राहतंय ते माहिती नव्हतं, आणि त्यात त्यांची काय चूक, जंगल म्हणजे दाट झाडी असंच आपण सगळ्यांनी त्यांना शिकवलं. काळविटाला दाट झाडी चालतच नाही. त्याला लांबपर्यंत नजर जाईल असं उघडं रान लागतं, कारण जीव वाचवायला त्याच्याकडं नजर आणि पाय सोडून दुसरं काही नाही.

आणि पाय म्हणजे कसले. जीव घेऊन पळालं तर ताशी 80 किलोमीटरच्या आसपास. लांडगा एवढा पळत नाही, मग एवढा वेग आला कुठून? ह्या माळांवर पूर्वी चित्ता होता हो, आपला भारतातला चित्ता. हजारो वर्षं त्याच्यापुढं पळून पळून हे जनावर असं घडलं. 1952 साली भारतातून चित्ता संपल्याचं सरकारनं जाहीर केलं. 2022 मध्ये मध्य प्रदेशात कुनोला नामिबियातून आणलेले चित्ते सोडले तो भाग वेगळा, पण आपल्या माळावर पाठलाग करणारा गेला आणि पळणारा राहिला. मला तर हे दर वेळी बघताना अंगावर काटा येतो.

(दृश्य: कळप उधळतो, स्लो मोशन)

हे बघा, हे! चारही पाय एकदम जमिनीवरून उचलून सरळ वर उडी. एकीनं मारली की मागच्या सगळ्या मारत जातात. गाडीत लेकरांचा एकच गलका झाला, तेव्हा मामा हळूच म्हणले, "ओरडू नका रे लेकरांनो, गप बसा, ते आपल्याकडंच बघायलेत." आणि खरंच, थोडं लांब जाऊन सगळा कळप थांबला आणि वळून गाडीकडं बघत राहिला.

इथं एक सांगतो, गाडीतून उतरायचं नाही. गाडीची त्यांना थोडीफार सवय झालेली असते, पण दोन पायांवर चालणारा माणूस दिसला की संपलं. इंजिन बंद करायचं, काच खाली घ्यायची आणि बसायचं. बाईकवरून कळपामागं लागून रील काढणारे बघितले की राग येतो. उन्हाळ्यात तसं पळवलेलं हरीण दमून मरू शकतं.

आता त्या नराकडं परत या. तो सारखा एकाच जागी येऊन थांबतोय बघा. तिथं त्याच्या लेंड्यांचा ढीग आहे. रोज तिथंच टाकायच्या, आणि डोळ्याजवळच्या ग्रंथीतला वास काडीला, झुडपाला पुसून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या नरानं समजून घ्यावं की हा एरिया कुणाचाय. पलीकडं जी तपकिरी, अजून पूर्ण काळी न झालेली तरणी टोळी चरतीय ते सगळे नरच आहेत, वय वाढेल तसा रंग चढत जाईल, तोपर्यंत ह्याच्या हद्दीत पाऊल टाकायची सोय नाही.

(दृश्य: गवतात बसलेलं पिल्लू, लांबून झूम करून)

आणि हे लई महत्त्वाचं. हे पिल्लू एकटं दिसतंय, आई जवळपास नाही, हलत नाही. लोकांना वाटतं अनाथ झालं बिचारं, आणि उचलून घरी आणतात, बाटलीनं दूध पाजतात. अहो त्याची आई त्याला मुद्दाम लपवून चरायला गेलीय. ते पिल्लू निपचित पडून राहतं म्हणूनच लांडग्याच्या, कुत्र्याच्या नजरेला पडत नाही, आई येऊन पाजून परत जाते. तुम्ही उचललं की आईपासून तोडलं. शिवाय काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघासोबत, म्हणजे पाळायचा विषयच नाही. जखमी दिसलं तर वनविभागाला 1926 वर फोन करा.

शेतकऱ्याचंही ऐकलं पाहिजे. नुकता उगवलेला हरभरा ही हरणं खुडून खातात, तूर खातात, रात्र रात्र जागल करावी लागते. मामांचंच रान गेलंय कितीदा. वनविभागाकडून नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी पंचनामा, कागद, चकरा, आणि ऐन पेरणीत माणसाला वेळ कुठंय. तरी मामांनी शेतातल्या जुन्या विहिरीला कठडा बांधून घेतला, कारण रात्री पळताना हरणं कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. ज्या माळाला सातबाऱ्यावर पडीक लिहिलंय तोच त्यांचं घर आहे, त्यावर चर खणून झाडं लावली की आपल्याला पुण्य वाटतं आणि त्यांचं गवत जातं. माळाला माळच राहू द्या, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: नायगावकडं जाणारा रस्ता, टेकड्या)

ऊन चढलं की कळप सावलीला बसतो, मग तिथनं आम्ही नायगावला गेलो. पाटोदा तालुक्यातलंच हे मयूर अभयारण्य, 1994 पासूनचं. मोर भरपूर दिसले, पण दिवाळीला त्यांच्याकडं लांब पिसारा नसतो, पावसाळा सरता सरता तो गळतो आणि नवा हळूहळू येतो. धाकटी हिरमुसली जरा. तर ज्यांना नाचणारा मोरच दाखवायचाय त्यांनी मिरगाच्या पावसात या, आणि काळविटांसाठी दिवाळीनंतर, थंडीत, सकाळी लवकर.