श्रीखंडाच्या डब्यातलं कोबाल्ट

नमस्कार मंडळी. बोलायचंय बॅटरीच्या कच्च्या मालाविषयी, पण आधी रामबागेतल्या आमच्या घरी काय झालं ते ऐका.

दिवाळीची आवराआवर चालली होती. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी काढून ठेवली होती. भंगारवाले भय्या आले, पोराच्या मदतीनं त्यांनी ती काट्यावर चढवली आणि किलोच्या भावानं पैसे मोजले. मेलेली बॅटरी, पण आत शिसं आहे ना! मला हुरूप आला. म्हटलं, थांबा, अजून आहेत. कपाटातून श्रीखंडाचा रिकामा डबा आणला. आत पाच जुने मोबाइल. एकाची बॅटरी इतकी फुगलेली, की मागचं झाकण उचललं गेलं होतं. (पूर्वी हे झाकण नखानं निघायचं, बॅटरी घरीच बदलता यायची. आता सगळं चिकटवून टाकतात. मला हे मुळीच पटत नाही.) भय्यांनी तो मोबाइल दोन बोटांत धरून अलगद बाजूला ठेवला. म्हणाले, "काकीजी, ये रहने दो. आग पकड़ लेता है, और इसका भाव कोई नहीं देता."

भाव कोणी देत नाही! अहो, त्या चपट्या बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू आहे, शिवाय लिथियम आणि ग्रॅफाइट. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून निघतं. पुन्हा सांगते, निम्म्याहून जास्त, एका देशातून. लिथियम मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि चिलीचं, ग्रॅफाइट बहुतेक चीनचं. शिसं 327 अंशांवर वितळतं, ओतलं की पुन्हा कामाला तयार. मोबाइलच्या बॅटरीत मात्र कोबाल्टची भुकटी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिंपलेली, ग्रॅफाइट तांब्याच्या. ते सोडवायला कारखाना लागतो, हातगाडीवर ते होत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासीला लिथियम सापडल्याची बातमी आली, तेव्हा आमच्याकडेही पेढे आले होते. पण बातमीतला 59 लाख टन हा लिथियमयुक्त खनिजाचा आकडा, तोही प्राथमिक अंदाज. खाण अजून दूर आहे. आपल्या बालाघाटचं मँगनीजसुद्धा बॅटरीत चालतं, हे मुलांना शाळेत कोणी सांगत नाही.

खाण दूर, डबा मात्र घरात. फुगलेला मोबाइल मी दुसऱ्या दिवशी कचरागाडीवर नेला, ओल्या-सुक्यात न टाकता वेगळा हातात दिला. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. उरलेले चार घेऊन शनिवारी मोबाइलच्या दुकानात जाणार आहे. ते घेतात का, ते पुढच्या वेळी सांगेन.