कॅल्शियम काय फक्त बायकांचं?

नमस्कार श्रोतेहो. कॅल्शियमचं नाव काढलं की घरातले पुरुष रेडिओचा आवाज बारीक करतात. आज करू नका.

खानापूरकडचे आमचे एक काका. तालमीत घुमलेला गडी, साठी ओलांडली तरी गवताच्या गंजीवर सरसर चढणारा. काकूला डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तर हे म्हणतात, "आमची हाडं लाल मातीत मुरल्यात. गोळ्या बायकांनी खाव्या." पुढं त्यांना मुतखडा झाला. पारावर कुणीतरी सांगितलं, दूध सोड, खडा कॅल्शियमचाच असतोय. झालं! गोठ्यात दोन म्हशी दुभत्या आणि काका कोरा चहा पिणार. नाचणीची आंबील आधीच सुटलेली. पोरं कमवती झाली, मग गरिबाचं खाणं कोण खातंय? तंबाखूची चंची मात्र सुटली नाही. एका पावसाळ्यात गोठ्याच्या उंबऱ्यावर पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं! तपासणीत हाडं विरळ निघाली. काका म्हणाले, "डॉक्टर, ते बायकांस्नी होतंय न्हवं?" काकू काही बोलली नाही. प्लॅस्टरच्या हाताखाली तिनं उशी सारली आणि आपल्या गोळ्यांची डबी त्यांच्यापुढं ठेवली.

पुरुषांची हाडंही झिजतात, फक्त जरा उशिरा. आणि खुब्याचं हाड मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणं पुरुषालाही रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. परत सांगतो, पुरुषालाही १०००. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. नाचणी म्हणजे भाकरी, आंबील. पाकिटातली 'नाचणी बिस्किटं' नव्हेत, त्यांत कितीदा मैदाच पुढं असतो. आणि कुंदा दुधाचाच असला तरी त्यातली साखर बघा, बेळगावकरांनो, रागावू नका.

आता खड्याचं. जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या दुसऱ्या घटकाला, धरून ठेवतं, त्यामुळं ऑक्झॅलेट लघवीत कमी उतरतं. म्हणून खडा झाला तरी दूध-दही आपल्या मनानं सोडू नका. पाणी भरपूर प्या. गोळ्यांचं वेगळं: वरून जास्त गोळ्या घेतल्या तर खड्याचा धोका वाढू शकतो. त्या डॉक्टरांना विचारूनच, आणि काकूच्या डबीतल्या तर मुळीच नकोत.