पुठ्ठ्यावरचा निळा डाग

हा पुठ्ठा बघा. रात्री गाडीखाली सरकवून ठेवला होता, सकाळी ओढून काढला तर मागच्या बाजूला पुरणपोळीएवढा डाग आणि पुढे, चाकाच्या थोडं मागे, रुपयाएवढा एक. बोट लावलं तर बुळबुळीत, वास गोडसर. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं पाणी. यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, मांजरंही तोंड लावतात, तेव्हा डाग दिसला की आधी पुसायचा, मग बाकीचं डोकं चालवायचं.

गाडी फोक्सवॅगन टी-३, १९८५ची, वेस्टफालिया नावाच्या कंपनीने कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी, करून दिलेली. छप्पर वर उघडतं, आत गॅसची शेगडी, सिंक, मागची सीट पाडली की बेड. इथे जर्मनीत हिला योकर म्हणतात. मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि ही गाडी घेतली तेव्हा बायको म्हणाली होती, नाकापेक्षा मोती जड होणार. झाला.

आता ही गाडी जरा उलटी आहे. इंजिन मागे, सामान ठेवायच्या जागेखाली, आणि रेडिएटर पार पुढे जाळीमागे. टी-३ १९७९ला आली तेव्हा पेट्रोल इंजिन हवेवर थंड व्हायचं, रेडिएटरच नव्हता. १९८२च्या शेवटी शेवटी पाण्यावर थंड होणारं बॉक्सर इंजिन (सिलेंडर दोन बाजूंना आडवे) आलं, मग रेडिएटरला जागा कुठे, तर पुढे. म्हणजे गरम पाणी अख्ख्या गाडीखालून पुढे जाणार, थंड होऊन परत मागे येणार, वाटेत डॅशबोर्डमागे एक हीटर, मागच्या सीटखाली दुसरा हीटर, दोन लांब पाईप, डझनभर तरी होस आणि प्रत्येक होसला दोन क्लिपा. साध्या छोट्या कारमध्ये पाच-सहा लिटर कूलंट असतं, हिच्यात सोळा-सतरा लिटर. गळायला जागाच जागा, आणि उगाच कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही, चाळीस वर्षं झाली, माणसाचे पण गुडघे जातात.

मागचा डाग बरोबर वॉटर पंपाखाली, म्हणजे हे पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली, पडायचा. म्हणून एका गॅरेजवाल्याने पंप बदलला. तीन महिन्यांनी डाग परत, तर त्याने परत पंपच बदलला! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

उन्हाळ्यात ताई आणि दाजी सांगलीहून आले. दाजींनी सगळं आयुष्य ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रका दुरुस्त करण्यात घालवलंय, असलं इंजिन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खाली झोपून दहा मिनिटं नुसते टॉर्च मारत बसले आणि म्हणाले, "पाणी कुठं पडतंय ते बघू नको, कुठनं आलंय ते बघ. गाडी उतारावर लावतोस की तू." खरंच, आमची पार्किंगची जागा उताराची, तोंड वर, शेपूट खाली. पुढे कुठेही गळलं तरी थेंब इंजिनच्या अंगावरून घरंगळत मागे येणार आणि पंपाखालीच पडणार.

मग हा हवा भरायचा पंप आणला, प्रेशर टेस्टर. हाताने मारायचा, वर दाब दाखवणारं घड्याळ. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण काढून हा बसवायचा आणि एक बार दाबापर्यंत हवा भरायची. गरम इंजिनवर झाकण उघडायचंच नाही, आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचं पाणी असू शकतं, झाकण फिरवलं की उकळून तोंडावर. हवा भरली की काटा बघत बसायचं. काटा खाली आला म्हणजे कुठेतरी वाट आहे, आणि आता टॉर्च घेऊन सगळं कोरडं पुसून शोधायचं.

हे बघा, सापडलं. सिलेंडरचं हेड, म्हणजे त्याच्या तोंडावरचं झाकण, जिथे बसतं तिथे कडेने काळं रबर दिसतंय, त्याच्या खालून थेंब. या इंजिनची ही खासियत समजून घ्या, इथे धूर-आग अडवायला वेगळ्या धातूच्या रिंगा आणि पाणी अडवायला बाहेरून हे वेगळं रबर. म्हणजे रबर गेलं तरी इंजिन मस्त चालतं, ऑइलमध्ये पाणी नाही, पांढरा धूर नाही, काही नाही, नुसतं बाहेर ठिबकतं. आणि बऱ्याचदा थंडीतच. रात्री धातू आकसतो, फट पडते, सकाळी डाग. इंजिन तापलं की धातू फुगून फट बंद. गॅरेजवाला गाडी गरम असताना बघायचा, त्याला काय दिसणार.

आपल्याकडे पूर्वी रेडिएटर गळला की हळद टाकायचे, इथे गळती बुजवणाऱ्या औषधाच्या बाटल्या मिळतात. मलाही मोह झाला होता. दाजी म्हणाले गावाला पोचायला ठीक आहे, पण तोच गाळ मग हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. बाटली तशीच आहे कपाटात.

हेड काढायचं म्हणजे आधी एक्झॉस्ट काढायचा, आणि एक्झॉस्टचे बोल्ट म्हणजे गंजाचे खिळे. चारातले दोन तुटले. एक शनिवार-रविवारचं काम तीन आठवड्यांवर गेलं, दाजींचं परतीचं विमान चुकता चुकता राहिलं.

हेड हातात आलं तेव्हा खरा रोग दिसला. रबर बसतं त्या कडेला ॲल्युमिनियमवर हे खड्डे बघा, उंदराने कुरतडल्यासारखे. चुकीचं कूलंट, नाहीतर वर्षानुवर्षं न बदललेलं, त्यातली गंज थांबवणारी द्रव्यं संपली की पाणी ॲल्युमिनियम खायला लागतं. खड्ड्यावर नवं रबर लावलं तर ते किती दिवस टिकणार? म्हणून हेड मशीनवाल्याकडे, खड्डे वेल्डिंगने भरून कड परत सपाट. बसवताना एक बारीक गोष्ट, हेड धरणारे स्टड, म्हणजे लांब बोल्ट, या इंजिनात पाण्यातून जातात, म्हणून नटांखाली सीलंट लावायचं. ते विसरलं की नटातून गळतं आणि परत सगळं उघडा.

पुढचा डाग वेगळाच निघाला. गाडीखालचे लांब पाईप प्लॅस्टिकचे, त्यांच्या टोकाला आत लोखंडी नळी बसवलेली असते, क्लिप आवळली तर प्लॅस्टिक दबू नये म्हणून. ती गंजून फुगली आणि प्लॅस्टिकला चीर. तात्पुरतं टोक कापून चालतं, पण लोक शेवटी स्टेनलेस स्टीलचे पाईप टाकतात. आम्हीही टाकले, पैसे दिले तेव्हा पोटात गोळा आला.

आता तुम्हाला वाटेल संपलं, पाणी भरा आणि निघा. नाही. या गाडीत गळती थांबवणं एकवेळ सोपं, हवा काढणं अवघड. एवढ्या लांब पाईपात हवा अडकली की ती पुढे रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते, पाणी फिरत नाही आणि आपण इतक्या मेहनतीने बसवलेलं हेड जळून जातं. म्हणून गाडीचं तोंड चाळीसेक सेंटिमीटर वर उचललंय, दोन्ही हीटर पूर्ण चालू, पुढची जाळी काढून रेडिएटरचा हा छोटा स्क्रू सैल केलाय. कूलंट निळं, फॉस्फेट नसलेलं, निम्मं ते आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, साधारण उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही. लाल आणि निळं एकत्र करायचं नाही, जुन्या लालचा तर चिखल होतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर धरून मी मागे टाकीत ओततोय आणि दाजी पुढे स्क्रूजवळ बादली धरून. फुस्स, फुस्स, मग गुळण्या केल्यासारखा आवाज, मग पिचकारी. दाजी ओरडतात, "बंद कर, बंद कर, आली धार!" स्क्रू आवळायचा, थंड होऊ द्यायचं, परत भरायचं. आम्हाला चार वेळा करावं लागलं. उरलेलं जुनं कूलंट कॅनमध्ये, ते गटारात नाही, घातक कचऱ्याच्या केंद्रावर.

डॅशबोर्डवर तापमानाच्या काट्याजवळचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर टाकीतली पातळी कमी आहे, तो या गाडीत त्याच्यासाठी पण आहे. आमचा पहिल्या संध्याकाळी लागला, शंभर मिली टाकलं, विझला.

रात्री थंडी पडली, नवा पुठ्ठा घातला. सकाळी दाजी चहा घेऊन माझ्या आधीच खाली. पुठ्ठा काढला, निळं काही नाही, पुढे पण कोरडं. मागे मात्र एक थेंब, काळा. दाजींनी बोटावर घेतला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"हे ऑइल आहे रे."